चीवर कोणत्या रकान्यात?

साडी म्हणजे कपडा नव्हे, कापड. हे माझं मत नाही, कस्टमच्या दरपुस्तकाचं आहे. कातर लागली, शिवण बसली, गळा-बाही आली की त्याला कपडा म्हणायचं. साडी मागावरून उतरते तशीच नेसतात, म्हणून ती कापडाच्या सदरात. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी हे वाचलं तेव्हा स्वतः साडीच नेसून बसले होते. टेबलाखाली पाय ओढून घेतले होते, एवढं पक्कं आठवतं. कुणी येऊन म्हणेल की बाई, तुम्ही कापड गुंडाळून कामावर आलात, अशी उगाच भीती वाटली होती.

मी तीस वर्षं परदेशातून येणाऱ्या मालाचे कागद केले. सरकारी नोकर नव्हते. माल मागवणारा आणि कस्टम यांच्या मध्ये परवाना असलेली दलाल फर्म असते, तसल्या एका फर्मीत कारकून म्हणून लागले आणि गेल्या वर्षी तिथूनच निवृत्त झाले. आता लोक विचारतात, आपल्या शहरात कसलं आलं कस्टम? समुद्र कुठं आणि आपण कुठं! पण मुंबईच्या बंदरात उतरलेले काही कंटेनर सील न तोडता आमच्या शहराबाहेरच्या डेपोत आणतात आणि इथं उघडतात. मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा जहाजाच्या पावत्या हाताळून मला अकरा वर्षं झाली होती.

काम सांगायला सोपं आहे. विकणाऱ्याचं बिल, कोणत्या खोक्यात काय आहे त्याची यादी, जहाजाची पावती आणि माल कोणत्या देशात तयार झाला त्याचा दाखला, हे कागद समोर ठेवायचे आणि त्यावरून बिल ऑफ एंट्री भरायचं. म्हणजे माल काय आहे हे सरकारला खरं खरं सांगायचं. लोखंड असेल तर बरं असतं. कापड मात्र फार छळतं. सूत की पॉलिस्टर, मिश्र असेल तर किती टक्के, मागावर विणलेलं की स्वेटरसारखं, रंगवलेलं की छापलेलं, एका चौरस मीटरला वजन किती. शर्ट बाईचा की पुरुषाचा हे बटणपट्टी कोणती वर येते त्यावरून ठरतं. एक शब्द चुकला तर माल अडतो.

मला मात्र कापड आवडायचं. माझे वडील पाचोडला मेंढरं राखायचे. लोकर जळली की केस जळाल्याचा वास येतो, सूत जळलं की कागदाचा, आणि पॉलिस्टर जळत नाही, वितळून त्याचा कडक मणी होतो, हे पुस्तकात वाचायच्या आधी मला चुलीपाशी कळलेलं होतं. फर्मीत नवे आलेले साहेब लोकही कधी कधी कापडाचा तुकडा माझ्यापुढं धरायचे. मी दोन बोटांत चुरगाळून सांगायचे. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्याचा मला गर्व होता, आणि मी सांगणार आहे ती चूक त्या गर्वातूनच झाली.

तत्पूर्वी कातरीचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कारखान्यांना परदेशातून नमुन्याचे कपडे येतात. असा कपडा बघून तसा माल शिवून द्या, एवढ्यासाठीच ते असतात. नमुना म्हणून करात सूट पाहिजे असेल तर तो बाजारात विकता येऊ नये अशा बेतानं खराब करावा लागतो. एकदा लहान मुलांचे लोकरी कोट आले होते, आतून मऊ रेशमी अस्तर, लाकडी बटणं. मी कातर घेतली आणि एकेका कोटाच्या पाठीत वीतभर चीर दिली. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही. नंतर सवय झाली. अशा किती पाठी मी फाडल्या, ते सांगत नाही.

आता कौसामावशींचं.

श्रावणात एक दिवस पांढऱ्या साडीतल्या, साठी उलटलेल्या बाई ऑफिसात आल्या. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत एक पत्र आणि एक फोटो. सरकारी दवाखान्यात आया होत्या, आता पेन्शनीत. "जयभीम ताई," म्हणाल्या, "थायलंडहून चीवरं यायलीत. आमच्या विहारातल्या भन्तेजींसाठी. ती सोडवायचं काम तुमच्याकडं होतं म्हणे."

फोटोत एक वयस्क थाई बाई दवाखान्याच्या खाटेवर बसलेली होती आणि शेजारी गणवेशातल्या कौसामावशी.

"ही माली," मावशी म्हणाल्या. "लेण्या बघायला आलती. तिथंच पायरीवरून पडली, खुबा मोडला. संगं आलेल्यांची तिकिटं होती, ते पुढं गेले. एक पोरगी तेवढी राहिली. आमच्या वार्डात ठेवलं. माझी ड्युटी संपली तरी मी बसायचे तिच्यापाशी."

"बोलायच्या कोणत्या भाषेत?"

"बोलायला काय लागतं? ती म्हणायची बुद्धं सरणं, मी म्हणायचे गच्छामि. मग ती हसायची. मग मी तिची वेणी घालायचे."

माली गावाकडची शिवणकाम करणारी होती. बरी होऊन गेली, आणि दोन वर्षांनी तिच्या त्या सोबतिणीनं इंग्रजीत पत्र पाठवलं. गावातल्या बायका मिळून चीवरं शिवताहेत, यंदाच्या कठीण चीवरदानाला ती कौसामावशींच्या विहारात द्यायची आहेत, सहा खोकी होतील, काय काय कागद लागतील?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू एका जागी राहतात, तो वर्षावास. तो संपला की पुढच्या एका महिन्यात, एका ठरवलेल्या दिवशी, उपासक त्यांना वस्त्र देतात, तेच कठीण चीवरदान. वर्षातून एकदाच. तो महिना गेला की गेला.

"काय काय कागद लागतील?" हा माझ्या आयुष्यात मला विचारलेला सगळ्यात शहाणा प्रश्न होता. माल निघायच्या आधी असं कुणी विचारत नाही. आणि मी काय उत्तर दिलं? "पाठवू द्या मावशी. आल्यावर बघू."

मला पाठ होतं काय लागतं ते. कापडाच्या काही रंगांतून शरीराला घातक, कॅन्सर करणारी द्रव्यं निघतात, म्हणून त्या रंगांना बंदी आहे. माल निघायच्या आधी तिकडच्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला घेतला तर प्रश्न मिटतो. दाखला नसेल तर इथं नमुना कापून तपासायला पाठवावा लागतो. दोन ओळींत कळवलं असतं तर काम झालं असतं. पण सहा खोकी, भिक्खूंची वस्त्रं, दानाची. त्यांना कोण अडवतंय, आणि अडलंच तर मी आहेच, असं माझ्या मनात आलं. विहाराच्या ट्रस्टचे आयातीचे नंबर काढून दिले आणि मी ते विसरूनही गेले.

खोकी डेपोत आली तेव्हा कठिणाला बारा दिवस उरले होते, आणि मध्ये दिवाळी. तिकडून आलेल्या बिलावर हातानं लिहिलेलं होतं, 'भिक्खूंचे कपडे, सुती', आणि किमतीच्या जागी शून्य. मी सवयीनं भरलं: सुती तयार कपडे.

तपासणीला कस्टमचे जे साहेब होते ते बिहारकडचे. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं कमी, कामाला चोख. त्यांनी पहिलं खोकं उघडायला लावलं, वरचं चीवर उचललं आणि दोन्ही हातांनी उलटसुलट केलं.

"मॅडम, आपने रेडीमेड गारमेंट लिखा है. गला कहाँ है?"

"गला नहीं है सर."

"बाँह?"

"नहीं सर. लपेटते हैं. साडी जैसा."

"साडी जैसा है तो फैब्रिक लिखना था. मगर ये तो सिला हुआ है." त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. "इतने टुकड़े जोड़े हैं. क्यों? पूरा थान नहीं मिला क्या वहाँ?"

इतक्या वर्षांत कापडाबद्दलच्या प्रश्नाला माझी जीभ अशी कधी अडखळली नव्हती. मी ते चीवर पहिल्यांदाच नीट बघत होते. मोठ्या आणि छोट्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये अरुंद उभ्या पट्ट्या, कडेनं सगळीकडून चौकट. जुनं जोडून केलेलं नव्हतं. कापड एकच होतं, नवं होतं आणि मुद्दाम कापून पुन्हा जोडलेलं होतं. टाके हातानं घातलेले, तांदळाच्या कणीएवढे.

पाच खोकी तशीच निघाली. सहाव्यात छोटी अंगवस्त्रं होती. मी हात लावला मात्र, आणि बोटांना कळलं: हे नुसतं सूत नव्हे, यात पॉलिस्टर आहे. कागदावर सगळं सुती. साहेबांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांनाही कळलं.

सदर चुकलं, धागा चुकला, रंगाचा दाखला नाही, किंमत शून्य. त्यांनी एकेक गोष्ट शांतपणे लिहून काढली. खेकसले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "सैंपल काटना पड़ेगा. विहार से किसी को बुला लीजिए. धरम की चीज़ है, पूछके काटेंगे."

दुसऱ्या दिवशी कौसामावशी आणि त्यांचे भन्तेजी रिक्षानं आले. भन्तेजी सत्तरीचे, उंच, वाकलेले. मूळ गंगापूरकडचे, भिक्खू व्हायच्या आधी एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते, हे मला मावशींनी नंतर सांगितलं. डोळे अधू, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.

मी चाचरत सांगितलं की चीवराचा तुकडा कापावा लागेल.

"कापा की," ते म्हणाले. "त्यात काय इचारायचं?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. "भन्ते, तिनं हातानं शिवलंय हो."

"कौसाबाई, हे कापूनच झालंय." मग ते साहेबांकडं वळले आणि आमच्या शहराच्या हिंदीत बोलू लागले. "साहब, नवा कपडा पूरा का पूरा आया, तो भी भिक्खू को पहले काटना पडता. बिना काटे पहनने का नहीं. नियम है."

"किसका नियम?"

"भगवान का. ढाई हजार साल हो गये."

"लेकिन क्यों?"

"क्यों बोले तो, कपडा साबुत रहा तो चोर की नजर जाती. चोर की छोडो, अपनी खुद की जाती. काट दिया तो कीमत गयी. बाजार में कोई लेता नहीं. सिर्फ बदन ढकने का काम रह गया उसका."

साहेबांच्या हातात बिल होतं. किमतीच्या शून्यावर त्यांनी पेन्सिलीनं केलेला गोल मला दिसत होता. ते त्या गोलाकडं बघत राहिले.

माझं सांगते. वस्तूची किंमत जावी म्हणून ती फाडायची, हे काम मी जन्मभर केलं होतं, आणि ते फक्त आमच्या कस्टमच्या डोक्यातून निघालेलं आहे असं समजत होते. कोटांच्या पाठी मला दिसल्या. इथं तीच कातर कुणीतरी इतक्या जुन्या काळी हातात घेतली होती, आणि कापून झाल्यावर खाली ठेवून सुई घेतली होती. मला काय वाटलं त्याला नीट शब्द नाही. देवळात न जाणारी बाई मी. पण माझे हात आपोआप एकमेकांजवळ आले.

भन्तेजींनी चीवर टेबलावर पूर्ण पसरलं. कडा ओढून सरळ केल्या. "आता हे बघा," म्हणाले, आणि परत हिंदीत: "ये उभी पट्टी, ये बांध. ये बीच का बडा टुकडा, वावर. ये छोटा टुकडा, आधा वावर. ये आडा बांध. भगवान राजगृह से निकलके चल रहे थे. रस्ते में मगध के धान के खेत लगे. खडे होके देखे, और अपने शिष्य आनंद को बोले, ऐसा चीवर बनाना जमता क्या तेरे को? आनंद ने बना दिया. तब से ऐसाच है."

साहेबांनी टेबलावर वाकून एका उभ्या पट्टीवर तर्जनी ठेवली आणि हळूहळू खालपर्यंत नेली, मग वळून आडव्या पट्टीवर.

"राजगृह मतलब राजगीर," ते म्हणाले. "हमारा गाँव उधर ही है, बाबा. धान के ही खेत हैं. इसको हम लोग मेंड़ बोलते हैं." बोट एका कोपऱ्याशी थांबलं. "पिताजी अभी भी रोज़ सुबह इसी पर चलके जाते हैं. मैं स्कूल इसी पर से जाता था."

डेपोत फोर्कलिफ्ट चालू होती, बाहेर हमालांची बोलाचाली चालली होती, आणि आम्ही चौघं त्या टेबलाभोवती उभे होतो. मावशींनी पदर खाली घेतला. एका परदेशी खेड्यातल्या बायकांनी शिवलेलं वस्त्र, आणि त्यात या माणसाचं वावर. त्यानं ते आदल्या दिवशी उघडून 'गळा कुठं आहे' म्हणून विचारलं होतं.

नियम मात्र नियमच. साहेबांनी कातर घेतली. घ्यायच्या आधी त्यांनी बूट काढून बाजूला ठेवले, ते मी पाहिलं. एक तळहाताएवढा चौकोन मोठ्या चीवराच्या मधल्या वावरातून कापला, एक सहाव्या खोक्यातल्या अंगवस्त्रातून. दोन्ही पाकिटात घालून लाखेनं सील केले. कापडाला कातर लागल्याचा आवाज मला इतक्या वर्षांत कधी ऐकू आला नव्हता. त्या दिवशी आला.

नमुने मुंबईला गेले. मी रोज प्रयोगशाळेला फोन लावत होते. आधी नंबर लागलेला नव्हता, मग दिवाळीची सुट्टी लागली. साहेब दोनदा स्वतः बोलले. कठीण रविवारी होतं. बुधवारी मी मान्य केलं की अहवाल वेळेत येत नाही, आणि कौसामावशींच्या घरी गेले.

त्या दारातच बसून गव्हातले खडे काढत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, "मावशी, रविवारपर्यंत खोकी सुटत नाहीत. आणि चूक माझी आहे. तुम्ही श्रावणात विचारलं होतं, काय कागद लागतील म्हणून. मी तेव्हाच सांगायला पाहिजे होतं."

मला वाटलं, त्या 'असू द्या' म्हणतील. आपल्याकडं म्हणतातच.

"व्हय," त्या म्हणाल्या. "तुमचीच चूक हाये." सूप बाजूला ठेवलं. "मी मालीला सांगितलंय, त्या दिवशी देणार म्हणून. ती तिकडं हात जोडून बसंल बाई. तिला काय सांगू मी, कागद नव्हता?"

मी खाली बसले. त्यांनीच माझ्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. "रडून काय उपयोग नाय. चला भन्तेजींकडं."

भन्तेजी विहाराच्या ओट्यावर वर्तमानपत्र नाकाशी धरून वाचत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग अडलं कुठं? कठिणाचं चीवर परगावाहून आलेलं लागत नाय. त्याच दिवशी कापायचं, त्याच दिवशी शिवायचं, रंगवायचं, दुसरा दिवस उगवायच्या आत पुरं करायचं. पाच भिक्खू हायेत आम्ही. इतकी वर्षं शिवलेलं घेतो, कारण सोपं पडतं. यंदा शिवू."

"आणि मालीची?" मावशींनी विचारलं.

"ती येतील तवा येतील. दान तिच्या हातातून सुटलं तवाच झालं. तुम्ही पांढरं सुती कापड आणा. आणि रंगाची पुडी नको. बाभळीची साल मिळंल का?"

ते माझ्याकडं बघून बोलले नव्हते, पण मी उत्तर दिलं. "मिळंल. माझा भाऊ पाचोडला असतो."

कापड आणायला गुलमंडीच्या बाजारात मावशींबरोबर मीच गेले. दुकानदारानं ठाण उलगडलं, "प्युअर कॉटन" म्हणाला. मी कडेचा एक धागा ओढला आणि काडेपेटी मागितली. धागा जळला, मी वास घेतला, राख बोटांत चुरली, आणि दुसरं ठाण दाखवा म्हटलं. तिसऱ्या ठाणाला मला थोरली बहीण करून तो हात जोडून म्हणाला, "बाजी, तुम कस्टमवाले हो क्या?" मावशी त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या.

रविवारी सकाळी मी विहारात पोचले तेव्हा मोठ्या पातेल्यात साल उकळत होती. भावानं पाठवलेलं पोतं बाजारच्या जीपमधून आदल्या दिवशीच आलं होतं. प्रार्थना झाली, मावशींनी कापड भिक्खुसंघापुढं ठेवलं, आणि पाचही भिक्खू सतरंजीवर बसले. मापाला टेप नव्हता. हात आणि वीत. भन्तेजींना नीट दिसत नव्हतं. ते बोटांनी घडी पाडत, नखानं रेघ ओढत आणि दुसरे भिक्खू त्या रेघेवर कापत. पांढऱ्याशुभ्र, नव्या, मी तीन ठाणं नाकारून निवडलेल्या कापडाचे तुकडे झाले. या वेळी मला काहीच टोचलं नाही. बांध, वावर, अर्धं वावर, आडवा बांध, असे ते मांडले गेले आणि सुया चालू झाल्या. एक भिक्खू फार तर बावीस-तेवीस वर्षांचा असेल, त्याचा टाका सारखा वाकडा जायचा आणि भन्तेजी न बघता, नुसतं चाचपून म्हणायचे, "उसव."

लोक येत होते, बसत होते, जात होते. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. दुपारी मागच्या रांगेत साहेब दिसले. साधा शर्ट, अनवाणी. मान हलवून ओळख दिली आणि भिंतीला टेकून बसले.

शिवून झालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चीवर सालीच्या काढ्यात बुडवलं, काढलं, परत बुडवलं. पांढरं जाऊन बदामी आलं, मग तपकिरी, ओल्या मातीसारखं. वाळत घालायला वेळ नव्हता. भन्तेजी म्हणाले, "चौघांनी चार कोपरे धरा आणि उन्हात फिरा. जमिनीला लागू देऊ नका." एक कोपरा मावशींनी धरला, एक मी, एक साहेबांनी, आणि एक त्या दाढीवाल्या रिक्षावाल्यानं, जो भन्तेजींना त्या दिवशी डेपोत घेऊन आला होता. अंगणात आम्ही गोल फिरत होतो. वारा आला की चीवर फुगायचं आणि मधून ऊन आरपार यायचं, तेव्हा सगळे बांध काळे उठून दिसायचे. हात भरून आले. हनुवटीवरून रंगाचा थेंब ओघळत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. साहेब माझ्यासमोरच्या कोपऱ्यावर होते. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि त्यांनाही ते पुसता येत नव्हते.

वाळलं. भन्तेजींनी कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक ठिपका केला. ज्याचं चीवर त्याला ओळखू यावं, एवढीच खूण. सूर्य मावळायच्या आत दान झालं, आणि 'भलं झालं' या अर्थानं सगळे 'साधु, साधु' म्हणाले. मावशींनी हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटल्या. मला फक्त 'माली' ऐकू आलं.

प्रयोगशाळेचा अहवाल त्यानंतर नऊ दिवसांनी आला. दोन्ही रंग निर्दोष. मी दुरुस्तीचा अर्ज दिला: सुती चीवरं वेगळी, मिश्र धाग्याची अंगवस्त्रं वेगळी, सदर 'कपडे' नव्हे तर 'कापडाच्या तयार वस्तू'. किमतीचा शून्य चालत नाही, तिथं कापड आणि शिलाईचा हिशेब मांडावा लागला. साहेबांनी सही करताना पेन थोडं थांबवलं. "मॅडम, सब सही है," म्हणाले. "मगर लगता है अभी भी ग़लत खाने में है." मी म्हटलं, "सर, याच्याहून जवळचा रकाना पुस्तकात नाही."

खोकी विहारात उघडली त्या दिवशी मीही गेले. कौसामावशींनी एकेक चीवर मांडीवर घेऊन टाक्यांवरून हात फिरवला आणि मगच बाजूला ठेवलं. पाच विहारांत ती वाटायची होती. मध्येच ते कापलेलं चीवर हाती आलं, तळहाताएवढं भोक असलेलं. मी म्हटलं, "हे राहू द्या, मी साहेबांना सांगून..."

"ते मला द्या," भन्तेजी म्हणाले.

"भन्ते, नवी पंचवीस पडलीत," मावशी म्हणाल्या.

"पडू द्या. ते दुसरं कुणी घेणार नाय. मग ते माझंच."

त्यांनी कठिणाच्या कापडातला उरलेला, बाभळीत रंगलेला तुकडा कुठून तरी शोधून आणला, भोकावर ठेवला आणि चाचपून कडा दुमडल्या. थायलंडचं कापड गेरूसारखं, वरचा तुकडा मातीसारखा. वावराच्या मधोमध दुसऱ्याच जमिनीचा एक चौकोन. मग सुई डोळ्यांपाशी नेऊन ते दोरा घालायला लागले. एकदा चुकला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा दोऱ्याचं टोक ओलं केलं.

मी पुढं होऊन हात केला. भिक्खू बाईच्या हातून थेट घेत-देत नाहीत, म्हणून त्यांनी सुई आणि दोरा सतरंजीवर ठेवला. मी सुई ओवली, गाठ मारली आणि त्यांच्या पुढ्यातल्या कापडावर परत ठेवली.

"साधु," ते म्हणाले, आणि शिवायला लागले.